आटपाट नगर होतं, पण फोल्डर कुठे होतं?

२००१ च्या उन्हाळ्यात आई-नाना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. नाना म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यामुळे पहिले पंधरा दिवस इथल्या पाण्याच्या टाक्या बघण्यात छान गेले. मग मात्र वेळ जाईना. चालत जाण्यासारखं काही नाही, मराठी पेपर नाही, आणि आम्ही दोघं दिवसभर कामावर. मुलाला शाळेची सुट्टी होती. तो नऊ वर्षांचा, आणि कॉम्प्युटरवर शहर वसवण्याचा एक गेम खेळायचा. एक दिवस नाना त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "अरे, कचरा डेपो नदीच्या वरच्या अंगाला कुणी ठेवतं का?"

झालं. त्या दिवसापासून दोघांनी मिळून जे शहर उभं केलं त्याचं नाव आटपाट नगर. माउस नातवाच्या हातात आणि हुकूम आजोबांचे. जलवाहिन्या कुठून न्यायच्या, पंप किती लागतील, रस्ते आधी की घरं आधी, यावर जेवणाच्या टेबलावर वाद चालायचे. नोव्हेंबरात नाना परत गेले तेव्हा आटपाट नगराची लोकसंख्या लाखावर गेली होती आणि पाणीपट्टी थकलेला एकही वॉर्ड नव्हता, असं नाना सगळ्यांना सांगायचे. त्या गेममध्ये पाणीपट्टी नव्हतीच, पण ते असो.

२००३ मध्ये आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे बॅकअप अगदी शिस्तीत घेतला. जुन्या विंडोज ९८ वरचं 'माय डॉक्युमेंट्स' पूर्ण तीन सीडींवर उतरवलं, दोनदा तपासलं, मग जुनी डिस्क स्वतःच्या हातांनी फॉरमॅट केली आणि ते मशीन मराठी शाळेला देऊन टाकलं. गेमची मूळ सीडी होतीच, तीही नव्या मशीनवर घातली. गेम सुरू झाला. मुलगा आला, यादी पाहिली आणि म्हणाला, "बाबा, आटपाट नगर कुठे आहे?"

आटपाट नगर 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नव्हतंच. ते 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, कंपनीच्या नावाच्या फोल्डरात, त्यातल्या गेमच्या नावाच्या फोल्डरात, त्याच्याही आतल्या एका फोल्डरात होतं. म्हणजे फॉरमॅट करेपर्यंत होतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. पुस्तक कपाटात, कपडे खुंटीला, डबे फडताळात. मग कॉम्प्युटरवरचा गेम मात्र आपलं बिऱ्हाड मनाला येईल तिथे का पसरतो? हा गोंधळ कुणी आणि कधी घातला? गेल्या काही वर्षांत सवड मिळाली तशी मी जुनी मॅन्युअलं, मासिकं आणि माझ्या स्वतःच्या आठवणी उकरून पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवातीला फोल्डरच नव्हतं. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही गोष्ट नव्हती. १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर एकच यादी आणि तिच्यात जास्तीत जास्त ६४ फाइली. त्या काळी ते पुरत होतं. गेमचा तर प्रश्नच नव्हता, कारण पुष्कळसे गेम डॉसलाही विचारत नसत. १९८२ चा मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर घ्या. फ्लॉपी घालायची, मशीन चालू करायचं, की थेट विमानात. खेळ संपला की फ्लॉपी काढून डब्यात. गेमचं घर म्हणजे ती फ्लॉपी, आणि ते घर हातात धरता येत होतं. मला विचाराल तर एवढी स्वच्छ व्यवस्था नंतर कधी झालीच नाही.

फोल्डरात फोल्डर ठेवण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. मल्टिक्स नावाच्या मोठ्या यंत्रणेसाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी १९६५ मध्ये एक निबंध लिहिला, त्यात फाइलींचं झाड मांडलेलं आहे: एक मूळ, त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या. तिथून ती कल्पना युनिक्समध्ये गेली आणि युनिक्समधून मार्च १९८३ मध्ये डॉस २.० मध्ये आली. कारण साधं होतं. आयबीएमने त्याच वेळी पीसी एक्सटी बाजारात आणला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. एवढ्या जागेत शेकडो फाइली मावणार. त्या एकाच यादीत ठेवल्या तर सापडणार कशा? म्हणून डिरेक्टरी. युनिक्समध्ये नावांच्या मधे उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ असते, ती डॉसमध्ये आधीच दुसऱ्या कामाला, म्हणजे हुकुमांचे पर्याय सांगायला, जुंपलेली होती. म्हणून इथे उलटी रेघ घेतली. अजूनही वेबचा पत्ता एका बाजूला झुकतो आणि विंडोजचा दुसऱ्या बाजूला, त्याचं मूळ हे.

आता गोष्ट अशी, की डॉसने झाड दिलं, पण कुठल्या फांदीवर काय टांगायचं ते सांगितलं नाही. युनिक्सच्या जगात निदान रूढी होती. प्रोग्राम अमुक ठिकाणी, प्रत्येक माणसाची स्वतःची खोली तमुक ठिकाणी, आणि गेमसाठीसुद्धा वेगळी जागा ठरलेली. कारण युनिक्सचं मशीन मुळातच दहा-वीस जणांनी वापरायचं. वाड्यात दहा बिऱ्हाडं असली की नळावर कुणी कधी जायचं हे ठरवावंच लागतं. पीसी म्हणजे एकाच माणसाचा बंगला. घरमालक, भाडेकरू, माळी सगळं तोच. कोण कुणाला नियम सांगणार?

मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते १९९१ मध्ये, पुण्यात, पहिल्या नोकरीत. ऑफिसात एक ३८६ होतं आणि संध्याकाळी साहेब गेले की त्यावर प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू व्हायचा. फाइलींची नावं तेव्हा आठ अक्षरांची, टिंब आणि पुढे तीन अक्षरं. एवढ्यात मावेल तेवढं नाव. साहेबांना गेमचं फोल्डर दिसू नये म्हणून आमच्यातल्या एकाने युक्ती शोधली होती: ऑल्ट दाबून आकड्यांच्या कळांवर २५५ मारायचं. पडद्यावर रिकामी जागा दिसते, पण डॉसच्या लेखी ते एक अक्षर असतं. त्या नावाचं फोल्डर यादीत असूनही वाचता येत नाही. आम्ही त्याला भुताचं फोल्डर म्हणायचो. प्रिन्समध्ये खेळ जतन करायला एकच जागा होती, त्यामुळे शेवटी ज्याने जतन केला त्याचा राजपुत्र टिकायचा आणि बाकीच्यांचे मरायचे. यावरून दोघांनी आठवडाभर अबोला धरल्याचं मला आठवतं.

त्या काळच्या गेमची एक गोष्ट मात्र वाखाणायला हवी. तो जिथे बसायचा तिथेच सगळं ठेवायचा. डिसेंबर १९९३ मध्ये डूम आला. त्याचा प्रोग्राम, नकाशे आणि चित्रं असलेली मोठी वॅड फाइल, सेटिंग्ज, जतन केलेले सहा खेळ, सगळं एकाच फोल्डरात. ते फोल्डर उचला, दुसऱ्या मशीनवर ठेवा, साउंड कार्डाचे आकडे जुळवा, की चालू. काढून टाकायचा तर फोल्डर पुसा. मागे काही उरत नाही.

पण ते फोल्डर कुठे असावं यावर एकमत नव्हतंच. सिएरा कंपनीचे गेम सी ड्राइव्हवर 'सिएरा' नावाचं फोल्डर करून त्यात जायचे, वेस्टवुडचे 'वेस्टवुड'मध्ये, आणि बरेच गेम सरळ सी ड्राइव्हच्या दारातच मांडी घालून बसायचे. शिवाय फ्लॉपीवर इन्स्टॉल नावाचा एक प्रोग्राम आणि सेटअप नावाचा दुसरा. नवख्या माणसाला वाटे दोन्ही एकच. पुष्कळदा इन्स्टॉल फाइली उतरवायचा आणि सेटअप साउंड कार्ड कुठल्या इंटरप्टवर आहे ते विचारायचा. शिस्तीची माणसं 'गेम्स' नावाचं फोल्डर स्वतः करत आणि प्रत्येक वेळी इन्स्टॉलरने सुचवलेला पत्ता खोडून आपला लिहीत. मी त्यातला. माझ्या सी ड्राइव्हची यादी एका पडद्यावर मावायची याचा मला गर्व होता.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि या गोंधळावर पहिल्यांदा अधिकृत इलाज झाला. लांब नावं आली, २५५ अक्षरांपर्यंत. 'प्रोग्राम फाइल्स' नावाचं फोल्डर आलं, आणि मायक्रोसॉफ्टने सॉफ्टवेअर कंपन्यांना सांगितलं की तुमचा प्रोग्राम इथे ठेवा, आणि डब्यावर आमचा लोगो हवा असेल तर काढून टाकण्याची सोयसुद्धा द्या. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात जुन्या डॉस प्रोग्रामांना 'प्रोग्राम फाइल्स'मधली मोकळी जागा पचेना, म्हणून त्याच फोल्डरचं एक आठ अक्षरी टोपणनाव पडद्यामागे ठेवावं लागलं: पहिली सहा अक्षरं, एक नागमोडी रेघ आणि १. वेस्टवुडने तर त्यानंतरही आपला 'रेड अलर्ट' सी ड्राइव्हवरच्या 'वेस्टवुड'मध्येच ठेवला. सवय.

इथेच एक नवी खोड लागली, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. इन्स्टॉलर तयार करायला बऱ्याच कंपन्या इन्स्टॉलशील्डसारखी तयार साधनं वापरत. निळ्या पडद्यावर भरत जाणारी पट्टी तुम्हाला आठवत असेल, तेच. त्या साधनात आधीच भरून दिलेला पत्ता असायचा: प्रोग्राम फाइल्स, त्यात कंपनीचं नाव, त्यात प्रॉडक्टचं नाव. प्रोग्रामरने तो बदलला नाही की तोच कायम. मीही अशी काही इन्स्टॉलरं बांधली आहेत आणि एकदाही तो पत्ता बदललेला नाही, हे इथे कबूल करतो. म्हणजे गेम शोधायचा तर तो कुठल्या कंपनीने काढला हे माहीत हवं. एज ऑफ एम्पायर्स 'मायक्रोसॉफ्ट गेम्स'च्या आत. स्टारक्राफ्ट आणि डायब्लो बाहेरच, स्वतंत्र. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं एक फोल्डर 'ईए गेम्स', दुसरं 'ईए स्पोर्ट्स'. आपल्या घराघरांत मुलांनी वर्षानुवर्षं खेळलेला 'क्रिकेट ०७' आठवतो ना? तो 'ईए स्पोर्ट्स'मध्ये, आणि आत त्याच्या फोल्डरच्या नावात पुन्हा ईए स्पोर्ट्स, वर कंसात ट्रेडमार्कची टीएम ही अक्षरंसुद्धा. दारावरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक लिहावा तसं.

स्टार्ट मेनूची तर वेगळीच तऱ्हा. तिथेही कंपनीचं फोल्डर, त्यात गेमचं, त्यात गेम सुरू करायचा, काढायचा, रीडमी वाचायचा, रजिस्ट्रेशन करायचं आणि कंपनीच्या वेबसाइटला जायचं अशी पाच चित्रं. शिवाय डायरेक्टएक्स. १९९५ पासून आवाज आणि चित्रांचा हा थर आला आणि जवळजवळ प्रत्येक सीडी आपली डायरेक्टएक्सची प्रत बरोबर घेऊन यायची. पाहुण्यांनी प्रत्येक वेळी स्वतःची गादी आणावी आणि जाताना ठेवून जावी, तसं.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पण कधी कधी घर जळायची वेळ येते. डिसेंबर १९९८ मध्ये बंजी कंपनीचा 'मिथ २' बाजारात निघाला होता. सीड्या छापून झाल्या, डबे निघाले आणि मग लक्षात आलं की तो काढून टाकायचा प्रोग्राम गेम ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर समूळ पुसतो. गेम आपल्या ठरल्या फोल्डरात असेल तर बिघडत नाही. पण एखाद्याने, जुन्या डॉसच्या सवयीने, तो सरळ ड्राइव्हच्या मुळाशी टाकला असेल तर? सगळा ड्राइव्ह साफ. बंजीने पदरमोड करून माल परत बोलावला.

दुसरा किस्सा त्याहून विचित्र. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम. त्याच्या फोल्डरात 'बूट डॉट आयएनआय' नावाची त्यांची स्वतःची एक फाइल होती. विंडोज एक्सपीच्या सी ड्राइव्हच्या मुळाशीही याच नावाची फाइल असते, आणि मशीन सुरू होताना विंडोज कुठे आहे हे तीच सांगते. डिसेंबर २००७ मध्ये ईव्हची नवी आवृत्ती आली, तिला जुनी बूट फाइल पुसायची होती. पत्त्यात चूक झाली आणि तिने गेमच्या फोल्डरातली सोडून सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेली पुसली. लोकांनी मशीन बंद केलं, सकाळी चालू केलं, तर विंडोज उठेचना. कंपनीने जाहीर माफी मागितली. एकाच नावाचे दोन भाऊ, पोस्टमनचा काय दोष म्हणा! पण आपल्या फाइलीला हेच नाव का द्यावं, याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आणि २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीमचीही तीच गत झाली. कुणी स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं तर त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टला आपला पत्ता सापडायचा नाही. रिकाम्या पत्त्यावर 'इथलं सगळं पूस' हा हुकूम चालला की तो झाडाच्या मुळापासून सुरू व्हायचा. एकाची तर बाहेरून जोडलेली बॅकअपची डिस्कसुद्धा साफ झाली. बॅकअपवाल्याचं दुःख मला कळतं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो: जतन केलेला खेळ. गेम स्वतः हरवला तर सीडीवरून परत घालता येतो. तुम्ही त्यात जे केलंत ते मात्र जगात एकाच ठिकाणी असतं. ते वेगळं ठेवावं हे शहाणपण १९९० च्या दशकातही ठाऊक होतं. विंडोज एनटीत प्रत्येक माणसाची वेगळी खोली होती आणि फोल्डरांना परवानग्यांचं कुलूप लावता येत होतं. पण घरोघरी होतं ९५ आणि ९८, तिथे कुलूप नावाची वस्तूच नव्हती. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, ते एनटीच्या वंशातलं, कुलूप होतं. पण घरात जो तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचा, म्हणजे किल्ली कायम कुलपालाच लावलेली. त्यामुळे गेम लिहिणाऱ्यांना बदलायची गरजच वाटली नाही. २००२ चा 'मॉरोविंड' आपले खेळ स्वतःच्याच फोल्डरात ठेवायचा.

मग हळूहळू लोक 'माय डॉक्युमेंट्स'कडे वळले, आणि तिथे नवा पसारा सुरू झाला. २००३ मध्ये पीसीवर आलेल्या 'व्हाइस सिटी'ने 'जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स' नावाचं फोल्डर सरळ तिथे मांडलं. माझ्या इन्कमटॅक्सच्या कागदांशेजारी, वर्णानुक्रमे, गुंडांचं शहर. 'सिम्स २' ने २००४ मध्ये तिथे 'ईए गेम्स' केलं आणि २००९ च्या 'सिम्स ३' ने 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'. कंपनी तीच, पाटी वेगळी! २००५ च्या सुमारास 'माय गेम्स' नावाचं फोल्डर दिसू लागलं. 'सिव्हिलायझेशन ४', 'एज ऑफ एम्पायर्स ३', पुढे 'स्कायरिम' त्यात गेले. मला वाटलं, चला, आता तरी. पण निम्मे गेले, निम्मे नाही.

२००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा आलं आणि त्याने पहिल्यांदा किल्ली कुलपातून काढून घेतली. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायचं तर परवानगी विचारणारी ती प्रसिद्ध खिडकी. मग जुन्या गेमचं काय? ते तर तिथेच लिहिणार. म्हणून व्हिस्टाने एक लबाडी केली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत हुशार आणि सर्वांत त्रासदायक लबाडी. गेम म्हणतो, मी 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये फाइल लिहिली. विंडोज म्हणतं, हो हो, लिहिलीस. प्रत्यक्षात ती फाइल 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरात जाते. ते फोल्डर 'अॅप डेटा'मध्ये, आणि 'अॅप डेटा' मुळातच लपवलेलं. गेमला ती फाइल दिसते, तुम्ही 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये शोधायला गेलात तर नाही. घरात दोघांची दोन अकाउंट असतील तर एकाच गेममध्ये दोघांना आपापलंच दिसतं. त्या सुमारास निदान चार मराठी घरांतून मला फोन आले असतील, "तुम्ही कॉम्प्युटरमधले ना, जरा बघता का, पोरगा जेवत नाहीये." आमचं ते १९९१ चं भुताचं फोल्डर आता मायक्रोसॉफ्टच करून देत होतं.

व्हिस्टाने 'सेव्ह्ड गेम्स' नावाचं एक फोल्डरही प्रत्येकाच्या खोलीत करून ठेवलं. नेमकं हवं तेच! आणि वर्षानुवर्षं ते बहुतेकांच्या मशीनवर रिकामं पडून राहिलं. २०१५ चा 'विचर ३' अजून 'डॉक्युमेंट्स'मध्येच. त्याच कंपनीचा 'सायबरपंक २०७७' आला २०२० मध्ये, तो मात्र 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये. तेरा वर्षं लागली पाहुण्याला आपली खोली सापडायला. दरम्यान युनिटीवर बांधलेले कित्येक छोटे गेम आपली माहिती फाइलीत न ठेवता सरळ रजिस्ट्रीत कोंबू लागले, म्हणजे फोल्डर शोधायचा प्रश्नच मिटला. २०१२ मध्ये पीसीगेमिंगविकी नावाची साइट सुरू झाली. तिथे गेमागणिक लिहून ठेवलेलं असतं की याचे जतन केलेले खेळ अमुक ठिकाणी, सेटिंग्ज तमुक ठिकाणी. ज्या गोष्टीसाठी एक नियम पुरला असता, तिच्यासाठी हजारो पानांची डिरेक्टरी.

स्टीमबद्दल लिहिलं नाही तर मुलगा रागावेल. सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू झालं. सुरुवातीला त्याचं सगळं एकाच फोल्डरात, त्यात तुमच्या अकाउंटच्या नावाचं फोल्डर. पुढे गेम 'कॉमन' नावाच्या फोल्डरात शेजारी शेजारी नीट बसू लागले, ही मोठीच सुधारणा. पण तुमचा डेटा जिथे आहे तिथे नावं नाहीत, आकडे आहेत. प्रत्येक गेमला क्रमांक: काउंटर-स्ट्राइक १०, हाफ-लाइफ ७०, हाफ-लाइफ २ चा २२०. टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला आवडेल असं. २००८ मध्ये स्टीम क्लाउड आलं, आणि बऱ्याच गेममध्ये जतन केलेला खेळ आपोआप वर जाऊ लागला. आज आमची नात टॅबलेटवर खेळते. तिला मी विचारलं, हे तू जतन कुठे केलंस? ती म्हणाली, "गेममध्ये." पुढे काही प्रश्न असू शकतो हे तिला पटेना.

मी मात्र अजून प्रत्येक मशीनवर 'गेम्स' नावाचं फोल्डर करतो. सौ. म्हणते, त्यात एकही गेम नसतो.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत बेसमेंटमधल्या एका खोक्यात एक सीडी सापडली. वर मार्करने, मुलाच्या दहाव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलं होतं: गेम्स, नाना, बॅकअप. २००३ ची. मी माझा बॅकअप करत होतो तेव्हा त्यानेही त्याचा केला होता, आणि मला सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. सीडी वाचणारं यंत्र घरात राहिलेलं नाही, ते शेजाऱ्यांकडून आणलं. हात थरथरत होते म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण चहा निवला हे खरं.

सीडीवर अकरा फाइली होत्या. प्रत्येक एक किलोबाइटची. प्रत्येकीच्या कोपऱ्यात वाकडा बाण. डेस्कटॉपवरची चित्रं त्याने उचलून सीडीवर ठेवली होती. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने चित्र म्हणजेच गेम. त्यावर दोनदा टिचकी मारली की गेम सुरू होत होता ना? त्या होत्या शॉर्टकट फाइली. शॉर्टकटमध्ये फक्त पत्ता असतो. मी शहरवाल्या गेमच्या चित्रावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडल्या. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कंपनी, गेम. अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर पत्ता होता.

नाना २००९ मध्ये गेले. मी त्या खिडकीचा फोटो काढून मुलाला पाठवला. तो आता सिॲटलला असतो. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "बाबा, पंप नदीच्या वरच्या वळणावर होते, आणि कचरा डेपो पार खाली, नकाशाच्या कडेला. नानांनी मला तो तीनदा उचलायला लावला होता."